निश्चेष्ट बाहूची शुश्रूषा

पक्षाघाताचा झटका येऊन गेला, कीं घरांतील मंडळींचें लक्ष प्रथम रुग्णाच्या प्राणाकडे, मग वाचेकडे आणि त्यानंतर पायांकडे लागतें. "चालतां केव्हां येईल?" हा प्रश्न डॉक्टरांस दहांदां विचारला जातो. हाताविषयीं मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं. तो बिचारा अंथरुणाच्या कडेस ओल्या पंचासारखा लोंबत राहतो. महिना-दीड महिन्यानें सदरा घालतेवेळीं रुग्ण कळवळून ओरडला, म्हणजे मग सर्वांच्या ध्यानांत येतें, कीं खांदा आखडला आहे. पुढें कांखेंत पाणी पोंचत नाहीं, तेथील कातडी कुजूं लागते, कुशीवर वळणें कठीण होतें. आणि ज्या दुखण्याशीं प्रत्यक्ष मेंदूचा कांहीं संबंध नव्हता, तेंच रात्रीची झोंप हिरावून घेतें.

या लेखाचा विषय हा दुर्लक्षित खांदा होय. जो हात स्वतः हलूं शकत नाहीं, तो दुसऱ्यानें आपल्या हातांनीं रोज, सावकाश आणि नियम संभाळून हलवावा, हें त्याचें सार. मात्र नियम न जाणतां केलेली सेवा या बाबतींत कित्येकदां अपायच करते. म्हणून थोडा विस्तार करण्याची वाचकांची अनुज्ञा घेतों.

वर्धा जिल्ह्याचा वारसा

हा विषय वर्धा जिल्ह्यांत राहणाऱ्यानें मांडावा, यांत कांहीं औचित्य आहे. परचुरे शास्त्री हे संस्कृताचे व्युत्पन्न पंडित. येरवड्याच्या तुरुंगांत ते गांधीजींचे सहबंदी होते. पुढें कुष्ठरोगानें त्यांस ग्रासलें आणि समाजांत त्यांस ठाव उरला नाहीं. १९३९ सालीं ते गांधीजींच्या आश्रमांत आले. त्या गांवाचें नांव तेव्हां शेगांव होतें. सेवाग्राम हें नांव १९४० सालचें. गांधीजींनीं आपल्या कुटीपासून जवळच त्यांच्यासाठीं कुटी बांधविली आणि त्यांच्या अंगास स्वतःच्या हातांनीं तेल चोळण्याचा क्रम ठेवला. ती परचुरे कुटी आश्रमांत आजही पाहावयास मिळते. शास्त्रीबुवांचा अंत १९४५ सालीं वर्ध्याजवळील दत्तपूर येथें झाला. तेथील कुष्ठधाम विनोबांच्या प्रेरणेनें मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ सालीं सुरू केलें होतें.

या प्रसंगाकडे आपण भूतदयेचा दाखला म्हणून पाहतों, आणि तें योग्यच आहे. परंतु त्यांत आणखी एक धडा आहे. ज्याच्या डोक्यावर देशाच्या कारभाराचा भार होता, अशा पुरुषानें एका रुग्णाच्या अंगमर्दनासाठीं आपल्या दिनचर्येंतून वेळ काढला. शुश्रूषा ही सवड मिळाल्यास करावयाची वस्तु नसून संध्यावंदनाप्रमाणें नेमाची गोष्ट आहे, हें त्यांतून शिकावयाचें. आखडत चाललेल्या सांध्यास तर नेमाचीच गरज अधिक. आठवड्यांतून एके दिवशीं तासभर केलेल्या खटपटीपेक्षां रोजचीं दहा मिनिटें त्याला अधिक मानवतात.

कुष्ठसेवेच्या इतिहासांतच या तत्त्वाचें उत्तम उदाहरण सांपडतें. त्या रोगांत कोपरामागील नस निकामी झाली, कीं करंगळी आणि अनामिका आंत वळतात. डॉ. पॉल ब्रँड हे १९४६ सालीं वेल्लोरच्या रुग्णालयांत आले आणि पुढें त्यांनीं अशा हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. चांगल्या स्नायूचा बंध काढून तो दुर्बळ बोटांस जोडावयाचा, अशी ती कल्पना. परंतु बोटांचे सांधे अगोदरच ताठ होऊन बसले असतील, तर जोडलेल्या बंधानें ओढावयाचें कोणास? म्हणून तेलपाण्यानें कातडी मऊ ठेवणें आणि वळलेलें बोट दुसऱ्या हातानें रोज सरळ करणें, हें साधें काम शस्त्रक्रियेइतकेंच महत्त्वाचें ठरलें. बळ परत येईल कीं नाहीं, हें आपल्या हातीं नसतें. तें आलेंच तर त्याला वाट मोकळी सांपडावी, एवढें आपल्या हातीं असतें. पक्षाघाताच्या खांद्यासही हाच न्याय लागू आहे.

खांद्याची रचना

आमच्या प्राचीन वैद्यांस खांद्याचें नाजूकपण ठाऊक होतें. सुश्रुतानें अंस आणि अंसफलक हीं मर्में सांगितलीं असून अंसमर्मास इजा झाल्यास बाहू स्तब्ध होतो, असें म्हटलें आहे. खांद्याच्या ठिकाणीं कुपित झालेला वायु तेथील बंधनें शोषून व शिरा आखडून जो विकार उत्पन्न करतो, त्यास त्यानें अवबाहुक असें नांव दिलें. अर्वाचीन काळीं बोस्टन येथील डॉ. कॉडमन यांनीं १९३४ सालच्या आपल्या ग्रंथांत अशाच आखडलेल्या खांद्यास 'फ्रोझन शोल्डर', म्हणजे गोठलेला खांदा, हें नांव दिलें आणि तेंच आज सर्वतोमुखीं झालें आहे.

मांडीच्या सांध्यांत हाडाचा गोळा खोल वाटींत बसलेला असतो. खांद्यांत तसें नाहीं. एखाद्या लहानशा उथळ बशीवर मोठें लिंबू टेकवून ठेवावें, तसा दंडाच्या हाडाचा गोळा खवाट्याच्या उथळ खळगींत टेकलेला असतो. बशी उथळ, म्हणूनच हात चहूं दिशांस फिरतो. आणि बशी उथळ, म्हणूनच लिंबू घसरण्याचें भय. तें न घसरावें अशी राखण भोंवतालचे स्नायू करतात. पक्षाघातांत तेच स्नायू ढिले पडतात. माणसाच्या एका हाताचें वजन शरीराच्या वजनाच्या सुमारें विसाव्या हिश्शाइतकें असतें. म्हणजे साठ किलोच्या गृहस्थाचा हात तीन किलोंचा झाला. हें ओझें उठतां-बसतां खालीं लोंबत राहिलें, तर गोळा खळगींतून खालीं उतरूं लागतो आणि खांद्याच्या टोंकाखालीं बोट बसेल एवढी खांच दिसूं लागते.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. हात खालून पूर्ण वर नेतांना तो १८० अंश फिरतो. त्यांपैकीं सुमारें १२० अंश फिरणें खांद्याच्या सांध्यांत घडतें आणि उरलेले ६० अंश पाठीवरचा खवाटा फिरल्यानें साधतात. निरोगी माणसाचा खवाटा हातासोबत आपोआप फिरतो. शिवाय दंडाचें हाड स्वतःभोंवतीं थोडें बाहेरच्या अंगास वळतें, म्हणून त्याचा उंचवटा वरच्या हाडावर आदळत नाहीं. पक्षाघातांत या दोन्ही क्रिया बंद पडतात. अशा वेळीं कोणी मनगट धरून हात सरळ डोक्यावर ओढला, तर दोन हाडांच्या मध्यें मऊ स्नायुबंध चिमटला जातो. औषध समजून केलेलें कामच दुखण्याचें कारण होतें, तें असें.

याच कारणास्तव दाराच्या चौकटीस कप्पी बांधून, चांगल्या हातानें दोरी ओढून लुळा हात वर खेंचण्याची जी रीत कांहीं घरांत दिसते, ती पक्षाघाताच्या रुग्णास वर्ज्य समजावी. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत २८ रुग्णांचे गट करून निरनिराळे व्यायाम देण्यांत आले. तज्ज्ञाच्या हातून हालचाल घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ८ जणांस खांदेदुखी जडली, तर कप्पीवाल्या गटांत हें प्रमाण शेंकडा ६२ भरलें. अभ्यास लहान होता हें खरें. पण त्याचा रोख स्पष्ट आहे. दोरीला दुखणें कळत नाहीं, माणसाच्या हाताला कळतें.

प्रत्यक्ष कृति

आरंभीं एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. पहिला धडा फिजिओथेरपिस्टाकडून, म्हणजे भौतिकोपचाराच्या तज्ज्ञाकडून, प्रत्यक्ष रुग्णाच्या हातावरच घ्यावा. आमच्या जिल्ह्यांत सेवाग्रामास कस्तुरबा रुग्णालय आहे आणि सावंगी (मेघे) येथें फिजिओथेरपीचें महाविद्यालयच आहे. इतरत्रही जिल्ह्याच्या ठिकाणीं असे तज्ज्ञ भेटतात. खांद्याचें हाड मोडलें असेल, सांधा निखळला असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, अथवा सांधा गरम होऊन सुजला असेल, तर डॉक्टरांच्या आज्ञेवांचून हात लावूं नये. पुढील वर्णन हें शिकलेला धडा घरीं नीट आठवावा एवढ्यासाठींच आहे.

रुग्णास उताणें निजवावें. उशी पातळ असावी. आपण लुळ्या हाताच्या बाजूस उभें राहावें, म्हणजे चांगल्या बाजूवरून ओणवून ओढाताण करावी लागत नाहीं. नखें काढलेलीं असावींत. अंगठी, पाटल्या, बांगड्या उतरून ठेवाव्यात. थंडीच्या दिवसांत तळहात एकमेकांवर घासून ऊन करून घ्यावेत. आणि काय करणार तें रुग्णास अगोदर सांगावें. निपचित पडलेल्या माणसाचा हात न विचारतां उचलणें हा त्याच्या मानाचा भंग आहे.

धरण्याची रीत अशी. एका हातानें कोपर खालून तोलून धरावें, दुसऱ्यानें मनगट व तळहात यांस आधार द्यावा. नुसतीं बोटें धरून किंवा मनगटास हिसका देऊन हात कधींही उचलूं नये.

पहिली हालचाल खवाट्याची. कोपर धरलेल्या हातानें दंडाचा भार तोलीत, दुसऱ्या हाताचा तळवा पाठीखालीं सरकवून खवाटा हलकेच वर, मग पुढें, मग जागेवर आणावा. जड कपाट सरकविण्यापूर्वीं आपण त्याचे पाय मोकळे करून घेतों, तसें हें आहे.

दुसरी, हात पुढून वर नेणें. कोपर सरळ, अंगठा रुग्णाच्या डोक्याच्या दिशेस. हात सावकाश उचलीत बोटें आढ्याकडे होतील तेथपर्यंत न्यावा. हा झाला काटकोन. त्यापुढें नेणें तज्ज्ञानें खवाटा फिरविण्याची रीत शिकविल्यावरच.

तिसरी, हात बाजूस नेणें. तळहात वरच्या बाजूस ठेवून हात अंथरुणाच्या पातळीवरूनच अंगापासून दूर न्यावा. खांद्याच्या रेषेपलीकडे नेऊं नये. कांख धुण्यास व पुसण्यास जितकी मोकळीक लागते, तितकी राखली तरी गृहस्थाचा मोठा लाभ होतो.

चौथी हालचाल वळविण्याची; आणि पक्षाघाताच्या खांद्यांत बहुधा हीच सर्वांत आधीं हरवते. दंड अंगालगत ठेवून त्याखालीं पंचाची घडी सरकवावी. कोपर काटकोनांत वांकवावें. मग बिजागरीवर दाराची फळी फिरावी, तसा हाताचा पुढचा भाग पोटावरून हलकेच बाहेरच्या अंगास न्यावा आणि परत पोटावर आणावा. येथें लोभ उपयोगाचा नाहीं. आज जितका आला तितका पुरे.

प्रत्येक हालचाल पांच ते दहा वेळां, दिवसांतून एकदां किंवा दोनदां. गति अशी असावी, कीं वर जातांना सावकाश पांच अंक मोजावेत, तेथें क्षणभर थांबावें, आणि येतांना पुन्हां पांच मोजावेत. हातास अडथळा लागला कीं तेथेंच थांबावें, रेटूं नये. हात एकाएकीं ताठला किंवा थरथरूं लागला तर तसाच आधार देऊन स्वस्थ राहावें. बहुधा तो आपसूक सैल होतो. शेवटीं कोपर, मनगट व बोटें हीं एकेकदां वांकवून सरळ करावींत आणि हात उशीवर नीट टेकवून ठेवावा.

डोळे मात्र हातावर न ठेवतां रुग्णाच्या मुद्रेवर ठेवावेत. उजव्या अंगाच्या पक्षाघातांत पुष्कळदां वाचाही जाते. अशा माणसाला "दुखतें" हा शब्द उच्चारतां येत नाहीं. त्याची कपाळावरची आठी, ओठ आवळणें, श्वास रोखणें हीच त्याची भाषा. उलट कांहीं रुग्णांच्या हातास स्पर्शज्ञानच नसतें. तेथें दुखलें नाहीं म्हणून अपाय झाला नाहीं, असें समजूं नये. अशा हातास गरम पाण्याच्या पिशवीचा शेंक देणेंही धोक्याचें आहे. कातडी भाजली तरी रुग्णास कळत नाहीं.

दिवसाचे उरलेले तास

दहा मिनिटें नियमानें हालचाल करावी आणि उरलेला दिवस हात हवा तसा पडूं द्यावा, यांत अर्थ नाहीं. खुर्चीवर बसविल्यावर लुळा हात मांडीवरील उशीवर ठेवावा. रुग्णास उठवितांना कांखेंत हात घालून कोणीही उचलूं नये. ही चूक घरोघर होते आणि खांद्याचें अतोनात नुकसान करते. सदरा घालतांना अगोदर लुळ्या हाताची बाही चढवावी, मग चांगल्या हाताची. काढतांना याच्या उलट. हा एक नियम जरी घरांतील सर्वांनीं पाठ केला, तरी रोजच्या कळा निम्म्या कमी होतील, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

तो अनुभव येथें थोडक्यांत नमूद करतों. आमच्या ज्येष्ठ बंधूंचें उजवें अंग गेलें आणि वाचाही गेली. आरंभीं एका मालीशवाल्यास बोलावण्यांत आलें. त्यानें मनगट धरून हात एका हिसक्यासरशीं डोक्याशीं नेला. त्यानंतर आठ दिवस दादा कोणास हाताजवळ येऊं देईनात. पुढें फिजिओथेरपिस्ट बाईंनीं घरीं येऊन सूनबाईस रीत शिकविली. ती रोज स्नानानंतर जवळ उभी राहून म्हणे, "मामंजी, आतां हात वर नेतें हं. दुखलें तर डोळे मिटा." पहिले चार दिवस दादांचे डोळे वरचेवर मिटत. मग ते उघडे राहूं लागले. महिन्याभरांत जानवें बदलतांना हात बाजूस घेणें सोपें झालें. हाताचें बळ परत आलें नाहीं. पण आपल्या अंगाला कोणी धरलें कीं दचकून डोळे मिटण्याची पाळी त्यांवर पुन्हां आली नाहीं.

या उपायाकडून किती अपेक्षा ठेवावी, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. दुसऱ्यानें हात हलविल्यानें गेलेलें बळ परत येत नाहीं. सांधे आखडणें यानें कितपत टळतें, याचा निर्णय करण्याइतका भक्कम पुरावा हातीं नाहीं, असा अभिप्राय २०१३ सालच्या कॉक्रेन समीक्षेनें दिला आहे. तेव्हां चमत्काराची आशा नको. आणि रुग्णाचा हात थोडा जरी स्वतः हलूं लागला, तरी आपण सर्व भार न उचलतां त्यासच प्रयत्न करूं द्यावा. आपला हात केवळ आधारापुरता. परंतु अंग स्वच्छ राहतें, वस्त्र सुखानें चढतें, कोठें दुखूं लागलें तें पहिल्या दिवशींच कळतें, आणि दिवसांतून दोनदां कोणी तरी पूर्ण लक्ष देऊन आपल्या जवळ उभें राहतें. एवढा लाभ लहान म्हणतां येणार नाहीं.

हें काम कोणाचें?

संयुक्त कुटुंबांत या प्रश्नाचें उत्तर न बोलतांच ठरलेलें असतें: सुनेचें. हें न्याय्य नाहीं आणि शहाणपणाचेंही नाहीं. एकाच व्यक्तीवर भार पडला, कीं तिच्या माहेरच्या चार दिवसांत नेम मोडतो आणि तिची पाठ कायमची दुखूं लागते. ज्या घरांत मुलगे, नातू, पुतणे आहेत, तेथें निदान एक वेळची पाळी पुरुषांनीं घ्यावी. पुण्यास किंवा परदेशीं राहणारा मुलगा पैसे पाठवितो, हें ठीकच. पण सुटींत आल्यावर त्यानेंही ही रीत शिकून तीर्थरूपांचा हात आपल्या हातीं घ्यावा. नेमलेल्या सेवकास किंवा सेविकेस तज्ज्ञासमोर बसवून एकदां शिकविण्याचा खर्च हा वायफळ खर्च नव्हे.

कित्येक कुटुंबांतील वडील माणसें आतां वृद्धाश्रमांत किंवा शुश्रूषागृहांत राहतात. त्यांना भेटावयास जातांना फळांची पिशवी नेण्याची चाल आहे. फळें न्यावींतच; परंतु तेथील परिचारिकेस, "खांद्याची हालचाल रोज कोण करतें? शेवटीं केव्हां केली? दुखल्याचें कांहीं चिन्ह दिसलें का?" हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. परवानगी मिळाल्यास आणि रीत ठाऊक असल्यास त्या दिवसाची पाळी आपण स्वतः घ्यावी. कोणा नातलगास या गोष्टीची चौकशी आहे, एवढें कळल्यानेंही तेथील नेम संभाळला जातो.

घरीं मात्र आजच एक काम करतां येईल. रुग्णाच्या खोलींतील भिंतीवर एक कागद लावावा. त्यावर चार हालचालींचीं नांवें, सकाळ-संध्याकाळचे रकाने आणि ज्याची पाळी त्याचें नांव लिहावें. आणि दुखलें असल्यास त्याच रकान्यांत खूण करावी. डॉक्टर आले, कीं तोच कागद त्यांच्या हातीं द्यावा.